तुझं नाव काय?

खोटं वाटत असेल तर यवतमाळला प्रफुल्लकडे जाऊन विचारा. चिडेल, अंगावर धावून येईल... पण 'असं घडलंच नाही' असं तो म्हणणार नाही.

प्रफुल्ल एकपात्री प्रयोग करायचा. बायबलमधलं अख्खं शुभवर्तमान, म्हणजे येशूची सगळी कथा, तोंडपाठ! हातात पुस्तक नाही की कागद नाही. तोच येशू, तोच शिष्य, तोच येशूला शिक्षा सुनावणारा पिलात. चार वर्षं घोकून घोकून त्यानं घरच्यांच्या नाकी नऊ आणले होते.

त्यात एक प्रसंग आहे. कबरींमध्ये राहणारा, भुतांनी झपाटलेला माणूस येशूपुढे येतो. येशू त्याला नाव विचारतो. इथे प्रफुल्ल क्षणभर थांबायचा. मग स्टेजच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, आवाज बदलून त्या माणसाचं उत्तर द्यायचा.

गेल्या फेब्रुवारीत बोरी अरबला प्रयोग होता. भर दुपारी.

"तुझं नाव काय?"

तो थांबला...

"पंचफुला."

बाईचा आवाज. थकलेला. मागच्या खुर्च्यांतून आलेला...

मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

प्रफुल्लच्या डोक्यातलं पुढचं सगळं पुसलं गेलं. शेवटी पहिल्या रांगेतून बायकोनं, दीपमालानं, पुढचं वाक्य सांगितलं. लोक हसले.

"विसरले तुम्ही," ती परतताना म्हणाली.

"विसरलो नाही! कोणीतरी मधात बोललं."

"मले त काहीच ऐकू नाही आलं."

पुढचा प्रयोग दारव्ह्याला. तिथेही तेच. तीच जागा, तोच आवाज, तेच नाव...

आणि पुन्हा लोकांचं 'बिचारा विसरला'!

प्रफुल्लचं डोकं फिरलं. तो उतारा त्यानं झोपेतसुद्धा म्हटला असता. पण सांगणार कोणाला? त्यात चर्चच्या पाळकसाहेबांनी बोलावून घेतलं.

"प्रफुल्लभाऊ, कळंबले पुन्हा अडकले त गुड फ्रायडेच्या प्रयोगाले पुस्तक हातात घ्या. यवतमाळात हसं नको."

पुस्तक हातात घ्या! मग चार वर्षं काय झक मारली?

कळंबला त्यानं तो प्रसंगच गाळला.

प्रश्नच नाही, तर उत्तर कुठलं?

प्रयोग रंगला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी मिठी मारली. कितीतरी दिवसांनी प्रफुल्ल मोकळेपणानं हसला.

दीपमाला पाणी घेऊन आली.

"नाव इचारायचा भाग काहून गाळला?"

"जाऊ दे ना आता."

"ती बाई रडून राह्यली होती ना..."

ग्लास त्याच्या तोंडाशीच थांबला. "कोणती बाई?"

"माह्या बाजूले बसली होती ते. म्हणे, आज मले नाव काहून नाही इचारलं? लय वाईट वाटलं मले."

तो आवाज बाईचा होता, हे त्यानं दीपमालाला कधीच सांगितलं नव्हतं...

आणि प्रयोगभर तो तिच्याकडेच बघत होता. तिच्या बाजूच्या खुर्चीवर फक्त तिची पर्स होती.

"मग... तू काय म्हणली?"

"काय म्हणू? म्हटलं मावशी, घरी चाल आमच्या. घरी इचारतीन ते."

गुड फ्रायडेला प्रफुल्लनं पुस्तक हातात घेऊन वाचलं. लोक हसले. हसू दिलं त्यानं. घरी तालीम करताना सवयीनं तो प्रश्न घरात तोंडून निघाला तर? म्हणून त्यानं तालीमच सोडली.

पंचफुला कोण, कुठली, काहीच कळलेलं नाही.

हल्ली संध्याकाळी कधीकधी दार वाजतं...

प्रफुल्ल 'कोण आहे?' असंसुद्धा विचारत नाही.