फुगलेलं दार

‘‘कडीच नाही त्या दाराला, मग अडकेल कशाला?’’ मी आवाज चढवला.

‘‘तेच तर विचारतेय, आजी. कडी नाही, तरी आतून लागतं. काल पाऊण तास आत होते मी!’’

ही माझी खालच्या मजल्यावरची नवी भाडेकरू, नर्स. ड्यूटीवरून नुकतीच आलेली, डोळे तांबारलेले, तरी हटेना. तिचा एकच धोशा, बाथरूमच्या दारासाठी सुतार बोलवा.

‘‘या घरात सुताराने पाय ठेवलेला नाही. पाना, रंधा, थापी, सगळं मी चालवते. बघून बघून शिकलेय.’’

‘‘ते कळतंच. दिव्याचं बटण दाबलं की पंखा फिरतो माझा.’’

एरवी मी हसले असते. त्या भरदुपारी मात्र तिला खोटं पाडायचं म्हणून तडक बाथरूममध्ये शिरले, दार लोटलं आणि ‘‘हे बघ!’’ म्हणत ओढलं.

हललं नाही.

तिने बाहेरून ढकललं. तरी नाही. दार कोरडं, नवं, हलकं, माझ्याच हाताने बसवलेलं. पण ओल्या, फुगलेल्या लाकडाचा वास सुटला होता. जुन्या दाराला यायचा, तो.

‘‘घाबरू नका आजी, कोपऱ्यावरून सुतार आणते!’’ तिच्या चपला वाजत गेल्या. बाहेरचं दार आपटलं. मग नुसता बादलीत पडणारा थेंब... मग तोही थांबला.

जुन्या दाराचं सांगते. आता लपवून काय करू? नर्सच्या आधी इथे एक टायपिस्ट बाई राहायची. एकटी, हृदयाचं दुखणं असलेली. दार पाण्याने फुगलंय, अडकतं, असं सांगत पुन्हा पुन्हा आली. रंधा मारायला दार बिजागऱ्यांवरून उतरवायला हवं होतं आणि मला एकटीला ते जड धूड पेलत नव्हतं. तिच्यासमोर एवढं कबूल करायला माझी जीभ वळेना. शेवटच्या वेळी मी कडेला साबण घासला आणि म्हटलं, ‘‘जरा उचलून ओढायचं, की उघडतं.’’

दुसऱ्या दिवशी दार फोडलं तेव्हा ती गेलेली होती. दोन्ही हातांची बोटं दाराखालच्या फटीत. उचलत होती... मी सांगितलं तसं.

आता मला मागे वळवेना. साबणाचा वास माझ्या खांद्यामागून येत होता आणि कुणीतरी धाप लागल्यासारखा श्वास घेत होतं...

‘‘चूक माझी होती,’’ मी दाराकडे तोंड करून म्हणाले. उभ्या जन्मात हे शब्द माझ्या तोंडून निघाले नव्हते. ‘‘तू तीनदा सांगायला आलीस आणि तिन्ही वेळा मी तुला वाटेला लावलं. पण आत अडकलीयस हे मला वर कसं कळणार होतं? कळलं असतं तर कुऱ्हाड घेऊन धावले असते गं...’’

मागचा श्वास थांबला. टायपिस्ट बाई तक्रारसुद्धा हळू आवाजात करायची. तशीच बोलली, अगदी माझ्या कानाशी.

‘‘चौथ्यांदा मी इथूनच हाक मारली, तेव्हा तुमची पावलं जिन्यात थांबली होती.’’