बिनपगारी रजेचं कारण

“अब्बा, एकच गोष्ट विचारतो. खरं सांगा. त्या अडीच वर्षांत तुमाले सस्पेंड केलतं ना?”

खाकी शर्टाची बटणं लावता लावता अब्दुल गनींची बोटं थांबली. ज्या प्रश्नाचं भय सोळा वर्षं त्यांनी काळजात सांभाळलं होतं, तो आज सकाळच्या स्वच्छ उजेडात, बोरी अरबच्या त्या दोन खोल्यांच्या घरात, पोटच्या पोराच्या तोंडून आला होता... आणि खरं कारण ठाऊक असूनही ते सांगता येत नव्हतं.

गनीभाई गावातल्याच सरकारी दवाखान्यात ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर होते. डिसेंबरअखेर निवृत्ती होती. एकवीस वर्षांची नोकरी, पण मधली अडीच वर्षं बिनपगारी रजेची. ती पेन्शनला धरली जात नव्हती, म्हणून सेवा वीस वर्षांच्या आतच राहत होती आणि पेन्शन बरीच कमी बसणार होती. कार्यालयातल्या क्लार्क शीला मॅडम भल्या बाई होत्या. त्यांनी गनीभाईंच्या मुलाला, जमीरला फोन करून सांगितलं होतं की, रजा लेकरू सांभाळण्यासाठी घेतली असेल, तर ती वर्षं धरावीत असा प्रस्ताव पाठवून बघता येईल. मात्र तेव्हाचा अर्ज फाइलीतून काढावा लागेल आणि घरच्या मोठ्या माणसाचा जबाब जोडावा लागेल.

जमीर दारव्ह्याचं गॅरेज बंद ठेवून त्यासाठीच आला होता, आणि गनीभाई तीन दिवस एकच घोकत होते. नको. ती फाइल नको. जे मिळेल त्यात भागवू.

“सस्पेंड नाई केलतं,” ते हलकेच म्हणाले.

“मंग फाइल काढाले काहून भेता?” जमीर पुढे आला. “गझालाले नर्सिंगले घालाचं हाय. माह्या एकट्याच्या गॅरेजात नाई भागत. अम्मी गेली तवा तुमी दुसऱ्याचा पेशंट यवतमाळले पोचवून राह्यलते. गझाला भाजली ते तुमच्या हातानं. अन् त्याच्यावर अडीच वर्षं घरी बसले. मी सातवीत गॅरेजात गेलो, अब्बा... कायच्यासाठी गेलो ते तरी मले कळू द्या.”

दाराशी उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या गझालाने नकळत ओढणी मानेवर ओढून घेतली. डाव्या कानाखालून खांद्यापर्यंत तिची कातडी आक्रसलेली, चकाकती होती. गनीभाईंनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा लेकाकडे... आणि गाडीची चावी उचलून ते ड्युटीवर निघून गेले.

जमीर म्हणत होता त्यातली पहिली गोष्ट खरी होती. गनीभाईंची बायको गौहर काविळीने गेली त्या दुपारी ते अपघातातल्या एका बाईला घेऊन यवतमाळच्या वाटेवर होते. ती बाई वाचली. परत आले तेव्हा घरासमोर माणसं उभी होती. मागे उरली आठ महिन्यांची गझाला आणि दहा वर्षांचा जमीर.

दुसरं कोणी नव्हतं. शेजारीण मध्ये मध्ये येऊन पाहून जाई, बाकी सगळं जमीरवर. तो बहिणीला बाटलीने दूध पाजी, तिचे कपडे धुई, तिला खांद्यावर टाकून अंगणात फिरे. लोक कौतुक करत, आणि गनीभाईंनाही वाटे, केवढा समजूतदार पोरगा... त्या कौतुकाखाली लेकराचं बालपण चिरडून चाललं आहे, हे त्यांना दिसलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी रात्रपाळी संपवून ते घरी आले, तर दारापासूनच गझालाची किंकाळी ऐकू आली. जमिनीवरच्या स्टोव्हवर दूध होतं. बहीण झोपली आहे असं पाहून जमीर ते मांडून बाहेर पोरांत खेळायला गेला होता. ती उठली, रांगत गेली, आणि पातेलं अंगावर घेतलं... ओल्या चादरीत तिला गुंडाळून गनीभाई दवाखान्याकडे धावले. वाटेत चौकात जमीर दिसला, हसत, घामाघूम, हातात गोट्या. बापाच्या हातातलं गाठोडं पाहून ते हसू जागच्या जागी विझलं.

“काय झालं, अब्बा?”

आणि त्या एका क्षणात, काहीही न ठरवता, गनीभाईंच्या तोंडून निघून गेलं, “दूध मी उतरवलं होतं, बेटा. आंघोळीचं पाणी माह्या हातून सांडलं.”

दहा वर्षांच्या जिवाने ते खरं मानलं. सगळ्या गावानेही मानलं. मग गनीभाईंनी रजा घेतली. डॉक्टर म्हणाले होते, तुम्हीच आजारी आहात असं सर्टिफिकेट देतो, रजा सेवेत धरली जाईल. पण गनीभाईंच्याने ते झालं नाही. घरी खोटं बोलून चुकलो, निदान कागदावर तरी खरं असू दे, असं त्यांना वाटलं. अडीच वर्षं ते एसटीने लेकीला पट्ट्या बदलायला यवतमाळला नेत राहिले. माणसं पाठीमागे म्हणत, याला सस्पेंड केलं, बाईसारखा घरी बसला. त्यांनी कधी कोणाचं तोंड धरलं नाही.

दुपारी ते पेशंट उतरवून गाडी लावत होते, तेव्हा जमीर त्यांना कार्यालयाच्या पायऱ्या चढताना दिसला. गनीभाई धावले, अठ्ठावन्न वर्षांच्या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढे धावले... पण शीला मॅडमच्या टेबलावर फाइल उघडलेली होती आणि जमीर वाचत होता. त्यांच्याच हातचं, वाकडंतिकडं अक्षर.

“माझी बायको मयत आहे. मुलगा जमीर, वय दहा, याच्या भरवशावर तान्ही मुलगी ठेवून मी ड्युटीवर येत होतो. मुलगा दूध स्टोव्हवर ठेवून खेळायला गेला व मुलगी भाजली. मुलाचा दोष नाही. दहा वर्षांच्या पोराला मी आई केले, हा दोष माझा आहे. मुलगी बरी होईपर्यंत बिनपगारी रजा मिळावी. मुलाला हे कळू देऊ नये ही विनंती.”

शीला मॅडमनी जबाबाचा कोरा कागद पुढे सरकवला होता. जमीरने तो हळूच बाजूला केला. बापाकडे त्याने पाहिलंदेखील नाही. भिंतीचा आधार घेत तो उठला आणि उन्हात निघून गेला.

“भाऊ, मले माहीत नव्हतं हो,” शीला मॅडम म्हणाल्या. “मी आधी वाचून पाह्याले पाह्यजे होतं.”

गनीभाईंनी फाइल मिटली. जिच्यापासून सोळा वर्षं लेकाला वाचवलं, ती वेदना आज त्याच्या पुढ्यात त्यांच्याच अक्षरात ठेवली गेली होती.

आठ दिवस जमीर घरी आला नाही. शेवटी गनीभाईच दारव्ह्याला गेले. तो एका जीपखाली पडून काम करत होता. ते बाजूच्या टायरवर बसले.

“चाल घरी.”

“कोणत्या तोंडानं येऊ?” जीपखालून आवाज आला. मग पाना जमिनीवर वाजला. “मी तुमाले काय काय बोललो, अब्बा. ईदच्या दिवशी बोललो. लोकायसमोर बोललो. तुमी एक डाव तरी सांगाचं.”

“तू दहा वर्षांचा होता.”

“मंग वीस वर्षांचा झालो तवा?”

गनीभाई जीपकडे वाकले. “माह्यावरचा तुहा राग मले सहन होत होता, बेटा. तुह्यावरचा तुहा राग तुले सहन झाला नसता.”

जीपखालून हुंदका आला. एवढा मोठा सव्वीस वर्षांचा पुरुष, तेलकट जमिनीवर उताणा पडून, लेकरासारखा रडत होता. आणि बापाला फक्त त्याचे पाय दिसत होते. गनीभाईंनी त्या पायांवर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले.

त्याच संध्याकाळी जमीरने घरी येऊन गझालाला सगळं सांगितलं. रडत, थांबत, पण एकही शब्द न गाळता. दोन दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बापाला जेवण वाढताना म्हणाली,

“मी भाईवर नाई चिडली. तुमच्यावर चिडली, अब्बा.”

“माह्यावर?”

“तुमी त्याले वाचवलं. पण त्याले तुमचा राग आला म्हणून तो घरातून निघून गेला, दारव्ह्यातच राह्यला. मले भाऊ पाह्यजे होता. तुमा दोघायच्या भांडणात मी एकटी वाढली.”

घास गनीभाईंच्या हातातच राहिला. आपल्या त्यागाची किंमत आपणच मोजली, असं ते इतकी वर्षं समजत होते... ती या पोरीनेही मोजली होती, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. “चुकलं माह्यं,” ते म्हणाले. गझालाने डोळे पुसले आणि आणखी एक भाकर वाढली.

जमीरने जबाब लिहून दिला. दूध मी ठेवलं, मी गेलो, बहीण माझ्यामुळे भाजली, वडिलांनी माझ्यासाठी खोटं सांगून तिला सांभाळलं. ‘माझ्यामुळे भाजली’ ही एक ओळ तरी खोड, म्हणून गनीभाईंनी परोपरीने विनवलं. त्याने खोडली नाही.

“आता हे ओझं मले वाहू द्या, अब्बा. माह्यं हाय ते.”

प्रस्ताव गेला. डिसेंबरअखेर गनीभाईंनी गाडीची चावी जमा केली. दवाखान्यात हार घातला, नारळ दिला. जानेवारीत उत्तर आलं. सदर कालावधी अर्हताकारी सेवेत धरता येणार नाही. जमीरने ते दोनदा वाचून दाखवलं. पेन्शन कमीच राहिली. गझालाचं नर्सिंग आता एक वर्ष पुढे गेलं, कदाचित दोन. जमीर दारव्ह्याची खोली सोडून घरी राहायला आला होता. तेवढंच भाडं वाचेल, म्हणाला.

तो घरात होता, पण बहिणीकडे मान वर करून पाहत नव्हता. ती समोर आली की त्याची नजर जमिनीला जाई. गनीभाईंना ते दिसे आणि काळीज कुरतडलं जाई. हेच, नेमकं हेच होऊ नये म्हणून तर...

थंडीत गझालाची ती आक्रसलेली कातडी ताठ होई, भेगाळे. दर हिवाळ्यात गनीभाई तिथे कोमट खोबरेल तेल लावत. एका सकाळी तिने वाटी गरम केली, आणि ते हात पुढे करणार तोच ती त्यांच्यासमोरून पुढे गेली, भिंतीशी बसलेल्या जमीरसमोर पाठ करून बसली, ओढणी बाजूला केली आणि वाटी मागे सरकवली.

“भाई, लाव.”

जमीर हलला नाही. मग तो उठला, मोरीत गेला आणि गॅरेजचे काळे हात साबणाने घासघासून धुऊ लागला. एकदा, दोनदा, तीनदा. परत आला तेव्हा त्याचे हात लाल झाले होते.

गनीभाई उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. उन्हात अजून ऊब नव्हती. आतून जमीरचा आवाज आला, फार हळू.

“दुखते का?”

“थोडंसं,” गझाला म्हणाली. “पण थांबू नको.”