टिकणारी सूज

अकोट्यातल्या त्या प्रयोगशाळेत निरुपमाची उमेदीची वर्षं उंदरांच्या शेपट्या सुजवण्यात गेली होती. नवा उंदीर आला की ओळखीसाठी कानाच्या कडेला खाच पाडायची. मग शेपटीच्या बुडाशी कातडीची बारीक कडी काढून लसवाहिन्या, म्हणजे अंगात साठणारं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, तोडायच्या. शेपटी टम्म फुगे. पण उंदीर बेटे चिवट, काही आठवड्यांत सूज ओसरे. माणसाचा असा सुजलेला पाय मात्र जन्मभर तसाच राहतो. त्यावर औषध शोधायचं तर टिकणारी सूज हवी.

ती साधली रूपालीला. छाणीहून स्कूटीवर येणाऱ्या, कालपरवाच्या पोरीला.

"निरुपमाताई, माझ्या उंदरांची उतरतच नाही ने," डबा उघडत ती आपल्या गुजराती वळणाने म्हणाली. "तुम्हीच तर शिकवलंत."

निरुपमाच्या पोटात दुखलं, आणि चांगलंच दुखलं. सोमवारी प्रकल्पाला पैसा देणारी दिल्लीची मंडळी पाहणीला येणार होती. सूज दिसली की सगळा प्रकल्प रूपालीच्या हाती जाणार होता.

मग रूपाली जेवायला गेली की निरुपमा तिच्या पिंजऱ्यांशी जाऊ लागली. रुग्णांचे पाय चोळून सूज तेवढ्यापुरती उतरवतात, तशा ती शेपट्या चोळी. टोकाकडून अंगाकडे, अलगद. उंदीर चावले नाहीत, धडपडले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी ते जाळीशी पाठ करून, शेपट्या बाहेर सोडून बसलेले होते.

तिला ते आवडलं नाही. तरी तिने चोळल्या.

शेपट्या बारीक होत गेल्या. तिची अंगठी मात्र घट्ट होत गेली. रविवारी सोनाराने ती कापून काढली. अंगठीखाली बोटावरची कातडीची बारीक कडी नव्हतीच, कुणी काढून घ्यावी तशी. रक्त नाही, दुखणंही नाही.

सोमवारी रूपालीने आपले उंदीर पाहिले. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"हात द्या ने, ताई."

का कोण जाणे, निरुपमाने दिला.

रूपालीने सुजलेलं बोट अंगठ्याने दाबलं. खळगा पडला. दोघी बघत राहिल्या. खळगा भरला नाही.

"टिकली," रूपाली समाधानाने म्हणाली.

बाहेर पाहुण्यांची गाडी थांबली.

निरुपमाने हात सोडवला. घाम आला होता. केस मागे सारताना बोटांना कानाची कड लागली.

तिथे एक खाच होती. जुनी, केव्हाच भरून आलेली.