कापसाच्या समुद्रातलं जहाज

"आग कोनं लावली ते मले सांगा, दादा. माह्या भावानं नाई लावली, येवढं मले माहीत आहे."

खुर्चीवर टेकायच्या आधीच कमलाने हे सांगून टाकलं. लक्ष्मणराव इखारांनी आपल्यासाठी आलेला चहा तिच्यापुढे सरकवला आणि ते उभेच राहिले. वर्ध्यात खासगी तपासाचं काम करणारे ते एकटेच. शिक्षण रसायनशास्त्राचं, आणि अनुभव कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमधल्या आगींचा. विमा कंपन्या त्यांना त्यासाठीच बोलवत. कोपऱ्यात त्यांचे स्नेही, निवृत्त पोस्टमास्तर बापूराव, वर्तमानपत्र वाचत होते. ते सकाळी पेपर वाचायला येत आणि दिवस मावळेपर्यंत उठत नसत.

"भावाचं नाव?"

"भैयाजी थूल. ठाण्यात कोंडून ठेवलंय त्याले. आज दुपारी कोर्टात नेनार. एकदा आग लावनारा म्हनून नाव झालं तर त्याले कोन नोकरी देईल, अन् कोन पोरगी देईल?"

"काय जळालं?"

"जहाज."

बापूरावांनी पेपर खाली केला. "जहाज? वर्ध्यात?"

"नकलेचं हो, लाकडाचं. पिपरी मेघेत टिनाच्या शेडमंदी माह्या घरच्यायनं बांधलंतं. श्रावण मून, बी.एस्सी. आहेत. त्यावरचं हेलिकॉप्टर माह्या भैयाजीदादानं केलं. उद्या मुंबईहून आरमाराचे इंजिनिअर येनार होते पाहाले. त्यायले पसंत पडलं असतं तर यायले तिकडं गोदीत नोकरी होती. काल दुपारी शेड पेटली."

"आणि भैयाजीवर संशय कोणाचा?"

कमलाने कप खाली ठेवला. "यायनंच नाव सांगतलं ठाण्यात."

"नवऱ्याने सख्ख्या मेव्हण्याचं?" बापूराव उद्गारले.

"तुम्हाला कसं वाटायचं ते जहाज?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"मले कोन विचारते? साल झालं, तेच माह्या घरात जेवते अन् तेच झोपते. सवत असती तर भांडता तरी आलं असतं."

थोड्याच वेळात टांगा पिपरी मेघेकडे निघाला. उन्हाळा ऐन भरात होता; सकाळीच रस्त्यावरून झळा उठत होत्या.

शेडच्या दारात श्रावण बसला होता. तिशीच्या आतला, डोळे लाल. लक्ष्मणरावांना आत नेल्यावर मात्र त्याच्या आवाजात जोर आला.

मधोमध माणसाच्या उंचीएवढं लांब सागवानी जहाज एका आसावर बसवलेलं होतं. बाजूचा दांडा फिरवला की ते डुलायचं. भोवती निळीत रंगवलेला कापूस गुडघाभर रचलेला. तो समुद्र. वर कप्पी होती, तिच्यावरून पत्र्याचं हेलिकॉप्टर खाली सोडायचं. जहाजाचा मागचा अर्धा भाग आता कोळसा झाला होता.

"विमानवाहू जहाजावर मैदानाएवढी जागा असते," श्रावण सांगू लागला. "पण लहान युद्धनौकेवर? मागच्या बाजूला अंगणाएवढा डेक. त्यातही समुद्र तो हलवत असतो. हेलिकॉप्टर अचूक टेकलं तरी चाकं घसरली की थेट पाण्यात. म्हणून डेक खरखरीत ठेवायचा आणि त्यावर दोरांची जाळी ताणायची. चाकं जाळीत रुततात. परदेशात आता कुठे असे प्रयोग सुरू झालेत."

"म्हणजे सगळा खेळ घसरण्याचा आणि न घसरण्याचा," लक्ष्मणराव म्हणाले आणि सरळ जमिनीवर पालथे झाले.

कापसाच्या कडा अजून निळ्याच होत्या. खिडकीजवळच्या ढिगाला धगसुद्धा लागली नव्हती. जहाजाच्या मागच्या भागाखाली मात्र ढिगाच्या पोटात काळीभोर पोकळी होती.

डेकची फळी अर्धी जळून बाजूला पडली होती. बापूरावांनी तिच्यावर तळवा टेकवला आणि तो चटकन उचलला. हाताला चिकट काहीतरी लागलं होतं.

"वॉर्निश अजून ओलंच आहे हो तुमचं."

"वॉर्निश?" श्रावण चमकला. "मी वॉर्निश लावलंच नाही. सरस लावून त्यावर धाम नदीची चाळलेली वाळू पसरली होती."

लक्ष्मणरावांनी फळी नाकाशी नेली.

"कालचा दिवस सांगा."

"काल सगळंच उलटं. सकाळपासून इथेच होतो. कमला डबा घेऊन आली, मी विहिरीवर हातपाय धुऊन आलो आणि जेवलो. झुणका कोरडा, वर घ्यायला कच्चं जवसाचं तेल नाही. ती म्हणाली, विसरले. डब्याला नेहमी गुंडाळलेलं फडकंही नाही; जाताना रिकामा डबा उचलला तर तापलेल्या कडीचा हाताला चटका बसला. जेवत होतो तेव्हाच, डेकची जाळी विणणाऱ्या पंचफुलाबाई ती ताणायला आल्या. त्या गेल्यावर मी कुलूप लावलं आणि साहेबांच्या गाडीची चौकशी करायला स्टेशनवर गेलो. परत आलो तर धूर. विहिरीचं पाणी ओतून विझवलं."

"किल्ली?"

"एकच. माझ्याजवळ."

"मग भैयाजी आत कसा शिरला?"

"शिरला नसेल. खिडकीतून विडी टाकली असेल. बाहेर त्याची विडी सापडली. परवा आमचं भांडण झालं होतं, फलकावर कोणाचं नाव आधी लिहायचं यावरून. इथे येणारा जो तो 'भैयाजीचं हेलिकॉप्टर' पाहायला येतो. माझ्या डेकला कोणी विचारतसुद्धा..." तो थांबला.

"काल हेलिकॉप्टर कुठे होतं?"

"डेकवरच. डाख वितळून त्याचे तुकडे झाले."

खिडकीला बारीक तारेची जाळी ठोकलेली होती. तिच्यातून काडीसुद्धा गेली नसती.

बाहेर पडल्यावर लक्ष्मणराव म्हणाले, "बापूराव, बिस्किटांचे दोन रिकामे डबे आणा. झाकणाला भोकं पाडा. दोन्हींत कापूस ठासून भरा. एकाच्या पोटात शिलाई मशीनच्या तेलात भिजवलेलं फडकं. दुसऱ्यात तसंच फडकं, पण तेल तुमच्या स्वयंपाकघरातलं, जवसाचं. ठाण्याच्या टिनाच्या छपरावर उन्हात ठेवा. ठाणेदारांना माझं नाव सांगा."

"घरी आमच्या विमलाबाईने विचारलं तर काय सांगू?"

"तपासासाठी म्हणावं."

"तपासासाठी घरचं तेल! ती माझाच तपास घेईल," असं पुटपुटत बापूराव टांग्यात चढले.

पंचफुला शेडच्या पलीकडच्या गल्लीत राहत होती. मुलींच्या शाळेत शिवण-विणकाम शिकवायची. नजर सरळ, बोलणं ताठ.

"जाळी मीच विणली, सुती दोरीची. काल ताणायला गेली तर गाठी बुळबुळीत लागल्या. बोटंच टिकेनात. मले वाटलं, भैयाजींनी मशीनचं तेल सांडवलं. पुन्हा एकेक गाठ आवळली."

"धूर दिसला?"

"नाई. निघता निघता वास आला थोडा. शेजारी कोणी कढईत तेल तापवून राह्यलं असंल, असं वाटलं."

"कमलाबाई भेटल्या?"

"दारात. मी आली तशा त्या तरातरा निघून गेल्या. मागं एकदा श्रावणभाऊले गाठ मारायची शिकवत होती, बोटं धरून. कमलाबाईनं ते पाह्यलं. तवापासून अबोला आहे."

"समजा, उद्या साहेबांसमोर हेलिकॉप्टर घसरलं असतं, तर?"

"तर सारे म्हणाले असते, पंचफुलाची जाळी कच्ची."

ठाण्यात भैयाजी गजांना टेकून उभा होता.

"खिडकीपाशी काय करत होता?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"पाहून राह्यलो होतो. आत गेलो असतो, पण भांडण झालतं ना. विडी ओढली, आपलं हेलिकॉप्टर नीट ठेवलंय ना ते पाह्यलं, अन् निघून गेलतो."

"हेलिकॉप्टरला तेल कुठलं घालायचास?"

"शिलाई मशीनचं. पंख्याच्या चाकांमंदी, थेंबभर."

"डेकवर सांडलं असेल."

"डेकले तेल मी काऊन लावीन, साहेब? घसरलं तर माह्यंच फुटते. बाकी हेवा म्हणाल तर आहे. नोकरी त्याले भेटणार होती, मले नाई. मोजमाप त्याचं, हात माह्ये. पण साल घालवलं त्या पाखरामागं. त्याले मी जाळीन?"

दुपारी ठाण्याच्या व्हरांड्यात सगळे जमले. भैयाजीला बाहेर आणून शिपायाशेजारी बसवलं होतं. कमला खांबाला टेकून उभी होती, पंचफुला तिच्यापासून शक्य तितकी दूर. ठाणेदार घड्याळाकडे पाहत होते.

"लवकर आटपा, लक्ष्मणराव. याला कोर्टात न्यायचंय."

"त्याची गरज पडणार नाही. खिडकीच्या जाळीतून विडी आत जात नाही, आणि खिडकीजवळचा कापूस जळलेला नाही. आग ढिगाच्या पोटात लागली आणि आतून बाहेर आली. बरं, पंचफुलाबाई आत असताना कोणी निखारा खुपसला असता तर त्यांना धूर दिसला असता. त्या गेल्यावर दाराला कुलूप होतं."

"मग आग लावली कोणी?"

"लावली कोणीच नाही. ती लागली. बापूराव, डबे उतरवा."

बापूरावांनी शिडीवरून पहिला डबा खाली आणला. मशीनच्या तेलाचा. उन्हाने तापला होता, तेवढाच. दुसरा डबा आणताना ते अर्ध्या शिडीवर "अरे बापरे!" म्हणून ओरडले आणि तो त्यांनी धोतराच्या सोग्यात धरून कसाबसा खाली ठेवला. झाकणाच्या भोकांतून धूर येत होता. व्हरांड्यात जळक्या तेलाचा वास पसरला.

"हाच वास!" पंचफुला म्हणाली.

लक्ष्मणरावांनी काठीने झाकण उडवलं. वरचा कापूस पांढराच होता. आतून मात्र ठिणगी लाल झाली आणि ज्वाळा वर आली. शिपायाने धावत जाऊन बादलीभर पाणी ओतलं.

"यात कोणी काडी ओढलेली नाही," लक्ष्मणराव म्हणाले. "मशीनचं तेल हवेत ठेवलं तरी तसंच राहतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू शोषून घेतं आणि चिकट होत सुकतं. सुकताना उष्णता सोडतं. पातळ थर उघड्यावर असेल तर ती निघून जाते. पण तेलात भिजलेलं फडकं कापसात कोंबलं, वर टिनाचं छप्पर आणि हे ऊन, की उष्णता साठत जाते आणि शेवटी पेट घेते. जिनिंगमध्ये पुसायच्या चिंध्यांनी अशा आगी लागलेल्या मी पाहिल्या आहेत."

"म्हणजे डेकवर जवसाचं तेल होतं?" श्रावणने विचारलं.

"होतं. बापूरावांच्या हाताला चिकटलं ते वॉर्निश नव्हतं. जाळीच्या गाठींनाही तेच लागलं होतं. भुईमुगाचं तेल खाणाऱ्या मुलखात ही आग सहसा लागली नसती. आपल्याकडे झुणक्यावर कच्चं जवसाचं तेल घेतात, म्हणून ते डब्याबरोबर शेडमध्ये आलं. काल मात्र तेल तुमच्या झुणक्यावर पडलं नाही, श्रावणराव. ते विसरलं नव्हतं. आणि डब्याचं फडकंही घरी राहिलं नव्हतं. तुम्ही विहिरीवर होता तेवढ्यात एका माणसाने फडक्याने डेकला आणि जाळीला तेल चोळलं. तुमची पावलं वाजली, तशी घाईत ते फडकं जहाजाखालच्या कापसात खुपसलं."

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या.

"मी आग नाई लावली," कमला हळूच म्हणाली.

"नाही लावलीत. आग लागेल हे ठाऊक असतं तर ती कोणी लावली हे विचारायला तुम्ही माझ्याकडे आलाच नसता. तुम्हाला फक्त हेलिकॉप्टर घसरायला हवं होतं. पाहुण्यांसमोर."

"तिच्या जाळीचं हसं व्हावं," कमलाचा आवाज चढला. "सारी दुनिया म्हनते, पंचफुलाच्या गाठी, पंचफुलाच्या गाठी! माह्या हातचं रोज खाल्लं, कधी म्हनलं का कोनं? गाठ शिकताना यायच्या तोंडावर जे हासू होतं, ते मले सालभरात एकदा नाई दिसलं. अन् जहाज नापास झालं असतं तर हे मुंबईले गेले नसते. मले येवढंच पाह्यजे होतं. दादाले आत टाकतीन, हे कुठं माहीत होतं?"

पंचफुलाने मान खाली घातली. भैयाजी बहिणीकडे पाहत राहिला.

"अजून एक गोष्ट राहिली," लक्ष्मणराव श्रावणकडे वळले. "हेलिकॉप्टर डेकवर आहे हे तुम्हाला माहीत होतं. भैयाजी स्वतःचं हेलिकॉप्टर जाळणार नाही, हे तर तुमच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तरी तुम्ही त्याचंच नाव दिलंत."

"जो तो त्याचंच नाव घ्यायचा," श्रावण म्हणाला. "काल ठाण्यात मीही घेतलं."

ठाणेदार खाकरले. "भैयाजी, तू मोकळा. पण बाईंनी नुकसान करायच्या हेतूने तेल लावलं, हे तर उघड आहे. मिस्टर मून, जहाज तुमचं. तक्रार करायची आहे?"

कमलाने नवऱ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच.

"नाही," श्रावण म्हणाला. "कोणाविरुद्धच नाही."

भैयाजी उठला आणि खांबापाशी आला. "कमला, तुह्या मनात येवढं होतं तर मले सांगायचं ना. चाल, माह्या घरी चाल. नाई तर याच्या घरी जा. तुले जसं वाटंल तसं."

कमला जागची हलली नाही. ती नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती. श्रावण पुढे आला, पण लक्ष्मणरावांनी शेडमधून आणलेली ती जळकी फळी टेबलावर होती, आणि तो तिथेच थांबला. त्याने डेकवरच्या चिकट भागावर बोट दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं.

"लक्ष्मणराव," तो म्हणाला, "आग लागली नसती, तर उद्यापर्यंत हे तेल आणखी सुकलं असतं ना? म्हणजे चाकं घसरली नसती. उलट अधिक घट्ट धरली असती?"

"बहुधा."

"वाळूपेक्षाही घट्ट?"

कमलाने पदर खांद्यावर ओढून घेतला आणि भावाच्या मागोमाग ती ठाण्याच्या पायऱ्या उतरली.