शिडी धरणारा

शिडी कोण धरणार, ते ठरलंय का तुमचं?

नाही, जा की. मी अडवत नाही. पोतं घेतलंय, दोरी घेतलीय, चांगलं आहे. चौकातल्या त्या कॅमेऱ्याने मलाही दोनदा दंड लावलाय. तुमच्या वयाचा असतो तर मीच पुढे असतो. पण आत्ता कुठे साडेदहा वाजलेत. रस्त्यावर वर्दळ आहे. तासभर थांबावंच लागेल, तर बसा इथे ओट्यावर. तो दिवा मालव रे, डोळ्यांवर येतोय.

सांगतो ते ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरलं तो माझ्यासोबत नोकरीला होता. आता दूर असतो, घड्याळं दुरुस्त करतो. खाली बसून करायचं काम. शिडीला हात लावत नाही.

मी तेव्हा कॅमेरे बसवणाऱ्या कंत्राटदाराच्या गोदामात होतो. हसा, हसा. काका शत्रूच्या गोटात होते म्हणून हसा. तर आमच्याकडे एक मेकॅनिक होता. सगळे त्याला पान्या म्हणायचे, कारण खिशात कायम एक पाना. पन्नाशीचा. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा लांब, दर रविवारी फोन करायचा. ‘जेवलात का?’ ‘हो.’ ‘बरं आहात ना?’ ‘हो.’ झाला फोन.

त्याला एका गावी पाठवला. गावाबाहेर उतार होता, उताराच्या तळाशी वळण, आणि वळणावर नवा कॅमेरा. वेगमर्यादेची पाटी होती, पण झाडाच्या फांदीमागे. त्यामुळे उतरणारा प्रत्येक जण सापडायचा. नर्स सापडली, शाळेची गाडी सापडली, लेकाला तापात दवाखान्यात नेणारा बाप सापडला. लोक चिडले. आधी अर्ज केले, मग बायका खांबाखाली सतरंजी टाकून बसल्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका त्यांच्या पुढारी. त्या म्हणायच्या, “माणूस असता तर त्याला सांगितलं असतं, बाबा रे, पोरगं फणफणलंय, जाऊ दे. या डब्याला काय सांगू?” आणि मग रात्री कोणीतरी कॅमेऱ्यावर पोतं घालायला लागलं. कधी काळा रंग फासलेला, कधी वायर कापलेली.

तो दुरुस्त करायचा हे पान्याचं काम. दिवसा गेला तर लोक घेराव घालायचे, म्हणून कंत्राटदाराने रात्रीची वेळ लावून दिली. सोबत दुसरा माणूस द्या म्हणून त्याने चारदा विनवलं. दिला नाही.

गावाने त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. बोलणं बंद केलं. खाली शिंप्याचं दुकान आणि वर पान्याची खोली, पण शिंपी त्याची पावलं ऐकली की मशीन जोरात चालवायचा. चहावाल्याचं दूध नेमकं तेव्हाच संपायचं. न्हाव्याकडे तर कहर झाला. अर्धी दाढी झाली होती, तेवढ्यात शेजारच्याने विचारलं, “पाहुणे काय करतात?” पान्याने खरं ते सांगितलं. न्हाव्याने वस्तरा पुसला, डबीत ठेवला आणि म्हणाला, “दुकान बंद झालं.” सकाळचे दहा वाजले होते! गडी अर्ध्या गालाला साबण घेऊन भर बाजारातून खोलीवर आला. मला फोनवर सांगताना हसत होता. मीही हसलो. नंतर तो म्हणाला, “आज तीन आठवड्यांत कोणीतरी माझ्याशी एक वाक्य बोललं, बघ.”

मग मी हसलो नाही.

नोव्हेंबरात एकदा वारा सुटला होता. कॅमेऱ्यावर पोतं. पान्या एकटाच गेला. वीस फुटी अॅल्युमिनियमची शिडी खांबाला लावली आणि चढला. मध्यावर पोचला तर शिडी डगमगायला लागली. एक पाय सुटला. त्याने डोळे मिटले...

शिडी थांबली. एकदम. जमिनीत पुरल्यासारखी.

खालून आवाज आला. “चढा मिस्त्री. धरलीय मी.”

पान्याच्या कपाळावर बॅटरी होती. तिच्या उजेडात वरचं दिसायचं, खाली काळोख. त्याला वाटलं, गावातलाच कोणी भला माणूस असेल, ओळख दाखवायची नसेल. म्हणून त्यानेही बॅटरी खाली वळवली नाही. पोतं सोडलं, काच पुसली. खालचा माणूस अधूनमधून बोलत होता. दूर उतारावर गाडीचा आवाज आला की दिवे दिसायच्या आधीच सांगायचा, “ही नर्स. दुसरी पाळी संपवून आली. ब्रेकचं बघायला सांगितलं होतं, ऐकत नाही.” आणि खरंच, स्कूटरवर एक बाई जायची. “आता भाजीचा टेम्पो. हा वळणावर खालचा गिअर टाकतो. शहाणा आहे.” तसंच व्हायचं.

पान्या उतरला तेव्हा खाली कोणी नव्हतं.

पुढच्या वेळी त्याने थर्मासमध्ये चहा नेला. कप दोन नेले. खालचा म्हणाला, “ठेवा तिथे, घेईन.” काम झालं, पान्या उतरला. चहा तसाच, गार झालेला. माणूस गेलेला. पान्याला वाईट वाटलं नाही. गावाच्या भीतीने पळतो बिचारा, असं तो मला म्हणाला. फोनवर त्याचा आवाज बदलला होता, रे. टवटवीत झाला होता. कॅमेरा कधी फोडतात याची वाट बघायला लागला होता!

आणि मग आठ दिवस कॅमेऱ्याला कोणी हातच लावला नाही.

नवव्या रात्री पान्या उठला. शिडी घेतली, गेला. वर चढून एक घट्ट बसलेला स्क्रू सैल केला आणि पुन्हा आवळला.

“काही बिघडलंय का, मिस्त्री?”

“नाही हो. असाच आलो.”

मग, “बरं केलंत.”

डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. दुपारी त्या मुख्याध्यापिका बाई स्वतः जिना चढून पान्याच्या खोलीवर आल्या. त्यांनी सांगितलं, “आमच्या अर्जाचा निकाल लागला. कॅमेरा काढायचा ठरलाय. उद्या सकाळी लोक तिथे जमतील.” मग खाली बघत म्हणाल्या, “तुमच्याशी गाव वागलं ते बरं नव्हतं. आमचं भांडण डब्याशी होतं.”

पान्या म्हणाला, “सगळे तसे नव्हते, बाई. तुमच्यातलाच एक जण रात्री माझी शिडी धरतो. त्याला माझा नमस्कार सांगा.”

“कोण?”

“नाव नाही सांगितलं. पण गाड्या आवाजावरून ओळखतो. कोण कुठून आला, कोणाचा ब्रेक ढिला...”

बाई खुर्चीवर बसल्या.

“असा एकच होता,” त्या म्हणाल्या. “आमचा हवालदार. त्या वळणावर सव्वीस वर्षं उभा होता. तो असताना तिथे एकही अपघात झाला नाही. कॅमेरा बसला आणि त्याला कचेरीत बसवलं, कागदांच्या खोलीत. सुटी झाली की साध्या कपड्यात येऊन वळणावर उभा राहायचा. कोणी थांबायचं नाही. आणि आम्ही... आम्ही सतरंज्या टाकून बसलो, तेव्हा तो दोनदा आला होता. खात्याचा माणूस म्हणून आम्ही त्याला बसायला जागा दिली नाही.”

“आता कुठे असतात?”

“ऑगस्टमध्ये गेला. घरी एकटाच होता. तिसऱ्या दिवशी कळलं.”

पान्याने मला लगेच फोन केला. म्हणाला, मी आज जात नाही. पण कंत्राटदाराचा निरोप आला होता, लोक जमायच्या आत कॅमेरा खाली हवा, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. मी म्हटलं, सकाळी टेम्पो घेऊन सामान न्यायला येतोच आहे, तेवढी एक रात्र काढ. अजून मला ते बोचतं. मी रात्रीच निघायला हवं होतं.

तो वळणावर पोचला तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. थंडी कडाक्याची. वारा नाही. शिडी लावली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. काही नाही. दुसरी. तिसरी. काही नाही. त्याला हायसं वाटलं. आणि खरं सांगतो, त्याने मला कबूल केलं, थोडं वाईटही वाटलं.

पाचव्या पायरीला शिडी घट्ट झाली.

तो चढत राहिला.

वर पोचला. कॅमेऱ्याला चाचणीचं एक बटण असतं. दाबलं की फ्लॅश पडतो. दिवसासारखा उजेड. त्याने अंगठा बटणावर ठेवला. मान खाली वळवली. दाबलं.

रस्ता लख्ख. झाडाची पानं दिसली. पाटी दिसली. शिडीच्या पायाशी त्याची पिशवी.

बाकी कोणी नाही.

काळोख झाला. शिडी तशीच घट्ट.

“डोळ्यांवर येतं ते,” खालून आवाज आला. “नका लावू.”

पान्याने स्क्रू काढले. कसे काढले, त्याला माहीत नाही. कॅमेरा दोराला बांधला. जड असतो. सोडायला लागला. हळूहळू. वीस फूट सोडायचा होता.

पंधरा फूट सोडला आणि दोर सैल पडला.

खाली कोणीतरी कॅमेरा हातात घेतला होता.

...

“मिस्त्री.”

पान्याने दोर मुठीत आवळला.

“हे काढलंत, म्हणजे आता काम संपलं इथलं.”

“हो.”

उतारावर एकही गाडी नव्हती.

“उद्या येणार नाही?”

पान्या म्हणाला, “येईन.”

“असंच?”

“असंच येईन.”

तो उतरला. खाली कॅमेरा नीट गवतावर ठेवलेला होता, काच वर करून. त्याने कॅमेरा कंत्राटदाराच्या जीपमध्ये कोंबला, शिडी टपावर टाकली आणि जो सुटला तो खोलीवर येऊन थांबला. शिडी अंगणात आडवी टाकली. खोलीत जाऊन कडी लावली.

मी साडेसहाला पोचलो. पान्या पलंगावर बसला होता, बूटसुद्धा काढले नव्हते. सगळं सांगितलं. मी म्हटलं, चल माझ्यासोबत, इथे राहू नकोस. तो उठला, कपडे पिशवीत भरायला लागला. “मी खोटं बोललो त्याच्याशी,” एवढंच एकदा म्हणाला.

मी शिडी टेम्पोत टाकायला खाली आलो. अंगणात नव्हती. वळसा घालून मागे गेलो. शिडी भिंतीला उभी होती. वरचं टोक बरोबर पान्याच्या खिडकीशी.

रात्रभर दव पडलं होतं. अॅल्युमिनियम इतकं गार, की हाताला झोंबत होतं. मी खालून धरली, आडवी करायला हात वर सरकवले. छातीच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना, पंजाएवढी जागा कोरडी होती.

आणि उबदार.