लायब्ररीतली डुलकी

दार ढकललं तेव्हा तिला वाटलं, आपण भलत्याच खोलीत शिरलो. कपाटं पुस्तकांची होती, टेबलं लांबलचक होती, सगळं लायब्ररीसारखंच होतं. पण ग्रंथपालाच्या खुर्चीत ट्रॅकसूट घातलेला एक धिप्पाड माणूस बसला होता. डावा पाय समोरच्या स्टुलावर पसरलेला, गळ्यात शिट्टी, आणि हातात एक जाडजूड पुस्तक. ते तो वाचत नव्हता, त्या पुस्तकानं वारा घेत होता.

"ग्रंथपाल कुठे भेटतील?" तिनं विचारलं.

"भेटले की तुम्हाला." त्यानं पुस्तक खाली ठेवलं. "गुडघा बरा होईपर्यंत मीच."

जुने ग्रंथपाल निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा काही भरली जात नव्हती. तेवढ्यात खेळाचे सर मैदानावर घसरले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एका दगडात दोन पक्षी मारले. बसून करायचं काम आहे, करा म्हणाल्या. मुलं त्याला शिट्टीसर म्हणायची. लायब्ररीत शिट्टी वाजवायची सोय नव्हती, तरी ती गळ्यातून काही निघत नव्हती.

ती आली होती एका कंपनीकडून. शाळाशाळांत जाऊन मुलांना आणि शिक्षकांना ऑनलाइन साधनं वापरायला शिकवायचं हे तिचं काम. पडद्यावर प्रश्न आला की प्रत्येक मुलानं आपापल्या टॅबवर उत्तर द्यायचं, अशी प्रश्नमंजुषा. बोट लावलं की माहिती उघडणारे नकाशे. आणि एक ऑनलाइन भिंत, जिच्यावर अख्खा वर्ग एकाच वेळी आपापल्या चिठ्ठ्या चिकटवू शकतो. शाळा रोज वेगळी, वाक्यं मात्र तीच. 'इथे क्लिक करा' हे ती इतक्या वेळा म्हणायची की जाईल तिथे तिचं बारसं आधीच झालेलं असे: क्लिकताई.

कंपनीचं म्हणणं होतं की शिकवणारी व्यक्ती कायम प्रसन्न दिसली पाहिजे. म्हणून ती शाळेच्या फाटकात हसू चढवायची आणि बसमध्ये बसली की उतरवून ठेवायची. घरी उतरवून ठेवण्याइतकीही उसंत नव्हती. दादाची रात्रपाळी, वहिनी अवघड बाळंतपणातून अजून उठली नव्हती, आणि चिमुकल्या भाचीनं दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस करून ठेवला होता. खांदा फक्त आत्याचाच चालायचा. दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर ती अशी काही टाहो फोडायची की शेजारी भिंत ठोकत.

त्या शाळेत तिला आठवड्यातून दोनदा जायचं होतं. मुलांच्या तासाआधी शिट्टीसरांना शिकवायचं, कारण ती गेल्यावर गाडा त्यांनाच ओढायचा होता. सर एका बोटानं टाइप करायचे. दाराची बेल वाजवल्यासारखं प्रत्येक अक्षर दाबायचे आणि आत कुणी आहे का याची वाट बघायचे. तिच्या लक्षात एक गोष्ट आली. सगळी शाळा तिला ताई म्हणत होती, शिपाईकाका म्हणत होते, एकदा तर मोठ्या बाईसुद्धा बोलता बोलता म्हणून गेल्या. हा माणूस मात्र 'अहो' नाहीतर 'मॅडम' यांच्यापुढे जात नव्हता.

शेवटी तिनंच विचारलं, "तुम्ही मला ताई का नाही म्हणत, सर?"

त्यानं पडद्यावरून नजर काढली नाही. "मुलांचं ठीक आहे... मला ते सोयीचं नाही."

तिनं पुढची पायरी दाखवली. पण त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर हसू उतरवायचं राहूनच गेलं.

पुढच्या वेळी मतदान कसं घ्यायचं ते तिनं शिकवलं. सराव म्हणून एक मतदान तयार करा, असं सांगून ती तारा जोडायला गेली. परत येऊन बघते तो पडद्यावर प्रश्न होता: मॅडमनी चहा घ्यावा का? खाली तीन पर्याय. हो. हो, लगेच. हो, बिस्किटं बुडवून.

"यात 'नाही' कुठे आहे?"

"'नाही' कसं टाकायचं ते तुम्ही अजून शिकवलं नाहीत."

तिनं तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं. चहा येईपर्यंत तिला तीन वेळा जांभई आली. तिसऱ्या वेळी तोंडावर हात न्यायचंही त्राण उरलं नव्हतं, आणि त्याबद्दल तो काही बोलला नाही.

तोही काही मजेत नव्हता. लायब्ररीच्या मोठ्या खिडकीतून मैदान दिसायचं. बाहेर मुलांचा गलका वाढला की त्याचं बोट अक्षरावरच थांबे. ढगाळ हवेच्या एका दुपारी रिमझिम सुरू झाली, मैदानावरची मुलं ओरडत आडोशाला पळाली, आणि तो खिडकीकडे बघत म्हणाला की डॉक्टरांनी काल स्पष्टच सांगितलं. चालता येईल, जिने चढता येतील; धावणं मात्र विसरा. एवढं बोलून तो पुन्हा टाइप करायला लागला. एखाद्या ताज्यातवान्या बाईनं त्याला धीर दिला असता, काहीतरी उमेदीचं ऐकवलं असतं. तिच्याकडे तेवढी ताकदच नव्हती. ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली, आणि पाऊस थांबेपर्यंत दोघं रिकाम्या मैदानाकडे बघत राहिली.

"बरं झालं, काही बोलला नाहीत," तो नंतर म्हणाला. "सकाळपासून सगळे बोलतायत."

त्यानंतरच्या आठवड्यात ते झालं. भाचीचं पोट दुखत होतं, आत्याची रात्र येरझाऱ्यांत गेली होती. सकाळी एक शाळा उरकून ती इथे आली. टॅब चालू केले, तर त्यांना काहीतरी नवीन उतरवून घ्यायचं होतं आणि नेट मुंगीच्या पावलानं चाललं होतं. जरा वेळ लागेल म्हणून ती मागच्या बाजूला, शब्दकोशांच्या कपाटाआड एक खुर्ची होती तिथे टेकली. फक्त टेकली. डोळे मिटायचा तिचा काही विचार नव्हता.

जाग आली ती शांततेनं. खिडकीतलं ऊन जमिनीवरून कपाटावर चढलं होतं. अंगावर कुणाचं तरी ट्रॅकसूटचं जाकीट होतं. आणि खोलीत टपटप, टपटप असा बारीक आवाज येत होता, पत्र्यावर थेंब पडावेत तसा. तिनं पुस्तकांच्या फटीतून पाहिलं.

सगळा वर्ग भरलेला होता. एकही मूल बोलत नव्हतं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: मॅडम झोपल्या आहेत. आज आवाज बंद. ओरडायचं असेल तर भिंतीवर ओरडा. आणि मुलं ओरडत होती! भिंत चिठ्ठ्यांनी गच्च भरली होती. मध्येच प्रश्न यायचा, पोरं टॅबवर तुटून पडायची, उत्तर जाहीर झालं की जिंकलेली बाकं दोन्ही हात वर करून मुक्यानंच जल्लोष करायची. एक मुलगी स्वतःच्या तोंडावर घट्ट हात दाबून जागच्या जागी उड्या मारत होती. शिट्टीसर कुबडीला टेकून उभे होते, आणि क्रिकेटच्या पंचांसारखे हातवारे करून सगळा तास चालवत होते.

तिला हसू फुटणार, तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या मोठ्या बाई दिसल्या. त्या पडदाच वाचत होत्या. मॅडम झोपल्या आहेत...

बाईंच्या खोलीत जे झालं ते व्हायचं तसंच झालं. शाळा तुम्हाला झोपायला बोलावत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. शिट्टीसर मध्ये पडले, चूक माझी, मीच उठवलं नाही म्हणाले. त्यावर बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तिच्यासमोरच कंपनीला फोन गेला.

ती बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. तो कुबडी सावरत मागोमाग आला.

"का नाही उठवलंत?" तिनं मागे वळूनही न बघता विचारलं.

"गाढ झोपला होतात. इतकं दमलेलं माणूस—"

"मला दमून चालत नाही, सर. तुमची दया महागात पडली मला."

"दया नव्हती ती," तो हळू म्हणाला. पण तोवर ती जिना उतरायला लागली होती, आणि जिन्यावर तिला गाठणं त्याच्या पायांत नव्हतं.

कंपनीनं तिला काढून टाकलं नाही, शाळांची कामं मात्र काढून घेतली. आता तिनं ऑफिसात बसून फोन घ्यायचे. कुठल्या शिक्षकाचा पडदा उघडत नाही, कुणाचा परवलीचा शब्द हरवलाय, त्यांना वाट दाखवायची. हसू आता आवाजात चढवायचं, एवढाच फरक. संध्याकाळी ती घरी येऊन भाचीला खांद्यावर घेई आणि गप्प बसे. वहिनी आता घरातल्या घरात हिंडूफिरू लागली होती. तिनं दोन-चार दिवस पाहिलं आणि मग एकदा दुपटी घडी करताना सहज म्हणावं तसं म्हणाली, "नोकरीसाठी एवढं तोंड पडत नाही गं माणसाचं. कोण आहे?"

"कुणी नाही. एक बिनडोक माणूस आहे. मला झोपू दिलं त्यानं."

वहिनीच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. "झोपू दिलं?" ती म्हणाली. "माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तुझ्या दादाला अजून सुचलेलं नाही ते."

त्याचा फोन आला तो त्यानंतर थोड्याच दिवसांनी. तिनं नेहमीचं वाक्य म्हटलं, कॉल नोंदवला जातोय हेही सांगितलं, आणि पलीकडे एक लांब श्वास ऐकू आला. तिनं तो लगेच ओळखला.

अडचण खरीच होती. भिंत तिच्या खात्यावर होती, आणि तिचं काम सुटल्यावर भिंतीला कुलूप लागलं होतं. मुलं हटून बसली होती. तिनं एकेक पायरी सांगितली, त्यानं एकेक अक्षर दाबलं. वाट बघता बघता तो सांगत राहिला. त्या दिवशीची भिंत मोठ्या बाईंनी नंतर निवांत वाचली होती. वर्षभर ज्यांनी तोंड उघडलं नाही त्या मागच्या बाकांनीच सगळ्यात जास्त लिहिलं होतं. आता बाईंनी दर आठवड्याला एक तास आवाज बंद ठेवायला सांगितलंय.

"माझ्याबद्दल काही म्हणाल्या?"

"नाही," तो म्हणाला. त्यानं उगाच गोड केलं नाही, ते तिला बरं वाटलं. "मी विषय काढला होता, दोनदा."

कुलूप निघालं. आता तिला शेवटचं वाक्य म्हणायचं होतं. "आणखी काही मदत करू शकते का?"

"हो... सुट्टीच्या दिवशी तुम्ही कुठे असता?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. "हा प्रश्न आमच्या विभागाकडे येत नाही, सर." आणि मग, तेवढ्याच कोरड्या आवाजात, "रविवारी संध्याकाळी मोठ्या रस्त्यावरच्या बागेत भाचीला घेऊन जाते. आपला दिवस शुभ जावो."

रविवारी तो तिच्या आधी येऊन बसला होता. कुबडी गेली होती, हातात काठी होती. ट्रॅकसूटऐवजी इस्त्रीचा शर्ट होता, आणि त्या शर्टात तो परीक्षेला बसलेल्या मुलासारखा दिसत होता. बाबागाडीत भाची चक्क झोपली होती. बागेत मुलं ओरडत होती, कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं, ओल्या मातीचा वास येत होता.

मग त्यानं माफी मागितली. तुमच्या कामाचं काय होईल याचा मी विचार करायला हवा होता, म्हणाला. पडद्यावर तरी ते लिहायला नको होतं.

"नको होतं," ती म्हणाली.

"तुमच्याकडे बघितलं आणि मला दुसरं काही सुचलंच नाही. त्याला दया म्हणू नका. मला दया कशी असते ते चांगलं माहीत आहे, सध्या रोज मिळते." तो काठीकडे बघत होता. "दया आली असती तर तुम्हाला ताई म्हणून मोकळा झालो असतो..."

तिला हसायला आलं, आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणीही आलं. ते तिनं पुसलं नाही.

"मी सांगू?" ती म्हणाली. "सगळीकडे मला ताजंतवानं दिसावं लागतं. शाळेत, ऑफिसात, घरीसुद्धा, वहिनीला वाईट वाटू नये म्हणून. तुमच्याजवळ बसले की नाही दिसावं लागत. मी कितीही थकलेली असले तरी चालतं. मला वाटतं, सर... मला आयुष्यभर तुमच्याजवळ थकायला आवडेल."

तिला वाटलं, आपण फारच बोललो. मग त्यानं काठी बाकाला टेकवली आणि तिचा हात हातात घेतला.

"मी शब्दांत कच्चा आहे," तो म्हणाला. "पण हो. मलाही."

अंधारून यायला लागलं तसे ते उठले. तिनं बाबागाडी ढकलली, तो काठी टेकत शेजारून चालला, आणि फाटकाशी आले तर तिची बस थांब्यावर उभी होती. जरा पळाली असती तर मिळाली असती. तिनं बसकडे पाहिलं, त्याच्या पायाकडे पाहिलं, आणि पावलं आणखी हळू केली. बस धूर सोडत निघून गेली. पुढची कधी येईल, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.