शंभर सामन्यांचा बाप

या मायबापहो, असे जवळ सरकून बसा. देवकीच्या कथा पुष्कळ ऐकल्यात. आज एका यशोदेची सांगतो. फरक इतकाच, की ही यशोदा मिशीवाली होती, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालायची आणि ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या हिरव्या टेकड्यांत दीडशे गायी सांभाळायची. नाव तिचं डेस्मंड!

त्या गुरुवारी दुपारची धार चालू असताना गोठ्यात फोन वाजला. मेलबर्नहून टोबिन बोलत होता. तिथे तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायचा, चेंडू पायाने मारायचा आणि उडी घेऊन हातांनी झेलायचाही, असा तो खेळ.

"डेस्मंड, शनिवारी मी खेळतोय. पहिला सामना."

डेस्मंड!... दोन वर्षं झाली, त्या पोराच्या तोंडून 'बाबा' हा शब्द आटून गेला होता.

"वा रे वाघा! आणि जर्सी कोण देणार?" पहिल्या सामन्याआधी घरच्या माणसाने सर्वांदेखत खेळाडूच्या हाती जर्सी द्यायची, ही तिथली रीत.

"गार्थ. क्लबने त्यालाच बोलावलंय." आवाज क्षणभर घुटमळला. "तू येणारेस?"

"एक गाय अडलीय रे... आईला पाठवतो."

टोबिनच्या आईने, नोरीनने, बादली आदळली. "कुठली गाय अडलीय? मला दाखव तरी! सहा वर्षांचा होता तेव्हापासून भल्या सकाळी दवात त्याचे चेंडू कुणी वेचले? तेव्हा तो गार्थ कुठे उलथला होता?"

"शंभर सामने खेळत होता," डेस्मंड कसंबसं हसला. "नियमात सामने मोजतात बाई. वेचलेले चेंडू नाही मोजत."

नियमच तसा होता. बाप ज्या क्लबाकडून शंभर सामने खेळला, त्या क्लबाचा लेकावर पहिला हक्क. वर्षाच्या टोबिनला टाकून त्याचा जन्मदाता गार्थ निघून गेला होता. पण त्याच्याच पुण्याईने दार उघडत होतं, आणि दुसरा एकही क्लब विचारत नव्हता. दोन वर्षांपूर्वी टोबिन मात्र हट्टाला पेटला होता. "मला त्या माणसाचं काही नको! मी तुझा मुलगा आहे!"

तेव्हा डेस्मंडने काळजावर धोंडा ठेवला. "तू माझं रक्त नाहीस! जा तुझ्या बापाकडे!"

पोर पांढरंफटक पडलं... आणि त्याच संध्याकाळी त्याने क्लबच्या करारावर सही केली. खरं काय ते सांगायचं नाही, अशी शपथ नोरीनला घातलेली होती.

शनिवारी डेस्मंड गोठ्यात रेडिओला कान लावून बसला. सामन्याच्या तिसऱ्या सत्रात समालोचक ओरडला, "टोबिन उडाला! काय झेल घेतलाय!"... आणि मग त्याचा स्वर एकदम खाली आला. पोर गुडघ्यावर वाकडं पडलं होतं. उठत नव्हतं.

गायी शेजाऱ्याच्या गळ्यात घालून डेस्मंड तसाच निघाला. दोन तासांनी पोहोचला तेव्हा मैदानावर फक्त समुद्रपक्षी उरले होते. आतल्या खोलीत टोबिन बर्फात पाय ठेवून पडला होता, उघड्या अंगाने कुडकुडत. उशाशी नोरीन. गार्थ वर पाहुण्यांबरोबर जेवायला गेला होता.

"गाय कशी आहे?" टोबिनने विचारलं.

डेस्मंडने मान खाली घातली. बुटांना अजून शेण होतं.

"मी शपथ मोडली," नोरीन म्हणाली. "सगळं सांगितलं."

"दोन वर्षं, बाबा!" पोराचा बांध फुटला. "दोन वर्षं मी रोज विचार करायचो, माझं काय चुकलं?"

"तुझं काही नाही रे लेकरा... मी खोटं बोललो. आयुष्यात एकदाच बोललो, पण जिवावरचं बोललो!"

टोबिनने चिखलाने माखलेली जर्सी पुढे केली. "थंडी वाजतेय. घाल."

फोटोवाले केव्हाच गेले होते. डेस्मंडने जर्सीचा गळा रुंदावला, त्याच्या डोक्यावरून घातली, एकेक हात बाहीतून ओढून काढला, सहा वर्षांचा असताना काढायचा तसाच.

तो गुडघा पुन्हा धड झाला नाही. गार्थच्या नावावर शंभराहून जास्त सामने आहेत. टोबिनच्या नावावर एक. आता दोघं मिळून धार काढतात. टोबिन लंगडतो, आणि डेस्मंड त्याच्याकडे न पाहता चाल हळू करतो.

मायबापहो, कुठे एखादं पोर हसत जर्सी घेताना दिसलं, तर त्या फोटोत नसलेल्या माणसाची आठवण काढा. एकदा 'डेस्मंड' म्हणा, एवढंच मागणं.